भूमितीच्या तासाला जिओजेब्रा: तयारीपासून फळ्यापर्यंत

जिओजेब्रा म्हणजे बिंदू ओढून आकृती हलवता येते असे गणिताचे सॉफ्टवेअर. विषय शिक्षकांच्या बैठकीत त्याबद्दल एक वाक्य मी सतत ऐकते: "जिओजेब्रा दाखवलं, मुलं खूश झाली, पण पेपरात काही फरक पडला नाही." तासाला नेमके काय झाले ते खोदून विचारले की बहुतेक वेळा त्याच चार गोष्टी निघतात. आकृती घाईत काढलेली असते. कोन उलट्या बाजूने मोजलेला असतो. प्रोजेक्टर थेट तासालाच पहिल्यांदा जोडलेला असतो. आणि मुलांनी अंदाज करायच्या आधीच उत्तर पडद्यावर आलेले असते. शिक्षकांना गणित येते, संगणकही येतो. चुकतो तो क्रम.

म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेते. दहावी, गणित भाग २, ‘वर्तुळ’ प्रकरण, आंतरलिखित कोनाचे प्रमेय: वर्तुळावरच्या बिंदूपाशी होणारा कोन हा त्याच्या तोंडात येणाऱ्या कंसाच्या केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. साधने गृहीत धरली आहेत ती बहुतेक माध्यमिक शाळांत मिळतील तेवढीच: एक लॅपटॉप आणि कधी मिळणारा, कधी न मिळणारा प्रोजेक्टर. इंटरनेट गृहीत धरलेले नाही.

## १. आधी धड्यातली जागा निवडा

‘यंदा डिजिटल शिकवायचे’ असे ठरवून सुरुवात केली की सगळेच पडद्यावर जाते आणि हातून काहीच नीट होत नाही. धडा उघडा आणि एकच प्रश्न विचारा: इथे काहीतरी हलते आहे का, आणि ते हलताना काही स्थिर राहते का? तसे असेल तिथेच पडदा कामाचा. पी बिंदू वर्तुळावर फिरतो पण कोन बदलत नाही, त्रिकोणाच्या बाजूला समांतर रेषा सरकते पण गुणोत्तर तेच राहते, समीकरणातला एक सहगुणक बदलला की रेषा कलते. वर्तुळ, समरूपता, रेषीय समीकरणांचे आलेख, निर्देशक भूमिती या प्रकरणांत अशा जागा भरपूर आहेत.

वर्गसमीकरण सूत्राने सोडवणे किंवा अर्थनियोजनातला जीएसटी यांना फळा पुरतो. तिथे लॅपटॉप काढण्यात तासिकेतली दहा मिनिटे वाया जातात.

सांख्यिकीसाठी स्प्रेडशीट वापरणार असाल तर आताच एक सांगते. स्प्रेडशीटमधला स्तंभांचा चार्ट म्हणजे आयतालेख नव्हे. त्याच्या स्तंभांत फट असते आणि वर्गाचे नाव स्तंभाच्या मध्याखाली येते, वर्गमर्यादा कडांखाली येत नाहीत. मुले तेच बघून उत्तरपत्रिकेत फटीसह आयतालेख काढतात. फट शून्य करा आणि वर्गमर्यादा कडांखाली फळ्यावर स्वतः लिहून दाखवा.

## २. हातात खरोखर काय आहे ते तपासा

कागदोपत्री शाळेत काय आहे ते सोडून द्या. तुमच्या तासिकेच्या वेळी, तुमच्या वर्गात काय पोहोचू शकते तेवढेच मोजा.

संगणक कक्षाची चावी कोणाकडे असते, आणि ते मामा तुमच्या तासाला शाळेत असतात का? त्याच वेळी तिथे दुसरा वर्ग असतो का? वर्गात प्लगपॉइंट फळ्याच्या बाजूला आहे की मागच्या भिंतीवर? मागे असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड लागेल, आणि वायर मुलांच्या पायांत येणार नाही अशी भिंतीच्या कडेने न्यावी लागेल. जुन्या प्रोजेक्टरला बहुधा व्हीजीएची निळी पिन लागते आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असते. मधला कन्व्हर्टर नसेल तर दोन्ही यंत्रे चालू असूनही पडदा कोराच राहील. तो कन्व्हर्टर स्वतःच्या पिशवीत ठेवा. शाळेच्या कपाटात ठेवलेला कन्व्हर्टर हवा त्या दिवशी हमखास दुसऱ्याच वर्गात असतो.

तपासणी: लॅपटॉप चार्जरशिवाय किती वेळ चालतो ते घड्याळ लावून एकदा बघा. एक तासिका चालत नसेल तर वीज गेल्यावरची योजना (टप्पा ८) आधी तयार करा.

## ३. सॉफ्टवेअर घरी बसवा, शाळेत नाही

जिओजेब्रा शैक्षणिक, अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. लॅपटॉपसाठी मी क्लासिक ५ ही आवृत्ती सुचवते. एकदा उतरवून बसवली की इंटरनेट लागत नाही. शाळेच्या संगणकावर काही बसवायला परवानगी नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपवरचे साहित्य वापरायचे असेल तर पुस्तकातला क्यूआर कोड घरीच स्कॅन करून ते डाउनलोड करून ठेवा.

बसवल्यावर लगेच या मांडण्या करा:

- ऑप्शन्समध्ये फॉन्ट साइज २४ किंवा २८. घरच्या स्क्रीनवर १२ नंबरही वाचता येतो, शेवटच्या बाकावरून तो दिसत नाही.
- लेबलिंगमध्ये ‘न्यू पॉइंट्स ओन्ली’. नाहीतर प्रत्येक रेषाखंडाला नाव चिकटून आकृती नावांनीच भरते.
- भूमितीसाठी अक्ष आणि ग्रिड बंद, डावीकडची अल्जिब्रा व्ह्यूची पट्टी बंद.
- शेवटी ‘सेव्ह सेटिंग्ज’.

तपासणी: फोन किंवा लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाका आणि तुम्ही वापरणार असलेली प्रत्येक गोष्ट उघडा. या अवस्थेत जे उघडत नाही ते वर्गातही उघडणार नाही असेच समजा.

## ४. आकृती नुसती काढू नका, बांधा

खरे काम इथे आहे, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या. फळ्यावरची आकृती काढलेली असते. दिसायला बरोबर असली की भागते. जिओजेब्रातली आकृती अटींनी बांधावी लागते. ‘हा बिंदू वर्तुळावरच राहील’, ‘ही रेषा लंबच राहील’ हे तुम्ही सांगितले नाही तर त्याला ते कळत नाही. नजरेने चार बिंदू ठेवून काढलेला आयत एक शिरोबिंदू ओढला की वेडावाकडा होतो. वर्तुळाला टेकलेली दिसणारी रेषा स्पर्शिका नसते, झूम केल्यावर ती छेदिका निघते.

आंतरलिखित कोनासाठी हा क्रम ठेवा.

१) वर्तुळासाठी ‘सर्कल विथ सेंटर अँड रेडियस’ हे साधन घ्या, केंद्रावर क्लिक करा, त्रिज्या ४ द्या. बहुतेक जण केंद्र आणि एक बिंदू देऊन वर्तुळ काढतात आणि तोच बिंदू कंसाचे टोक म्हणून वापरतात. मग वर्गात तो बिंदू ओढला की अख्खे वर्तुळच फुगते.

२) जिओजेब्रा पहिल्या बिंदूला आपोआप ‘ए’ नाव देतो, म्हणजे केंद्र ‘ए’ होते. ते लगेच बदलून ‘ओ’ करा. नावे पुस्तकाप्रमाणेच हवीत. मुलांच्या डोळ्यांसमोर पुस्तक उघडे असते आणि अक्षर बदलले की निम्मा वर्ग तिथेच अडकतो.

३) ‘पॉइंट ऑन ऑब्जेक्ट’ने वर्तुळावर ए बिंदू घ्या.

४) एक स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) घ्या. प्रकार ‘अँगल’, किमान ०°, कमाल ३६०°, पायरी २°. पायरी १° ठेवू नका. कारण पुढे येते.

५) ‘अँगल विथ गिव्हन साइज’ घ्या, आधी ए, मग ओ वर क्लिक करा आणि कोनाच्या जागी स्लायडरचे नाव द्या. जो नवा बिंदू येईल त्याला ‘बी’ म्हणा. आता बी हाताने ओढता येणार नाही, तो स्लायडरनेच हलेल. आपल्याला तेच हवे आहे.

६) पुन्हा ‘पॉइंट ऑन ऑब्जेक्ट’ने वर्तुळावर पी घ्या. रेषाखंड पीए, पीबी, ओए, ओबी जोडा.

७) कोन मोजा. केंद्रीय कोनासाठी ए, ओ, बी या क्रमाने आणि आंतरलिखित कोनासाठी ए, पी, बी या क्रमाने क्लिक करा. जिओजेब्रा पहिल्या भुजेपासून घड्याळाच्या उलट दिशेने कोन मोजतो. क्रम उलटा झाला तर ५०° ऐवजी ३१०° दिसेल.

८) आंतरलिखित कोनावर राइट क्लिक करून गुणधर्मांत ‘अँगल बिटवीन’ ०° आणि १८०° करा. हे राहिले तर स्लायडर १००° वर असताना पी दुसऱ्या कंसावर गेला की ५०° चा कोन एकदम २३०° होतो, आणि वर्गासमोर त्याचे काय करायचे ते सुचत नाही. केंद्रीय कोनाला मात्र हात लावू नका, तो ३६०° पर्यंतच राहू द्या.

९) ‘सर्क्युलर आर्क’ने दोन्ही कंस वेगळे काढा. ओ, ए, बी या क्रमाने एक, त्याला लाल रंग. ओ, बी, ए या क्रमाने दुसरा, त्याला हिरवा. जाडी वाढवा. बी, ओ, ए असा दुसरा केंद्रीय कोनही मोजून लपवून ठेवा, लागणार आहे.

आता पायरी २° का ते सांगते. दोन्ही बिंदू मोकळे ठेवले आणि राउंडिंग शून्य दशांशांवर असले, तर खरा आंतरलिखित कोन ४९.६° असताना पडदा ५०° दाखवतो आणि केंद्रीय कोन ९९.२° असताना ९९° दाखवतो. ९९ ची निम्मी ५० कशी? हुशार मुलगा हे लगेच पकडतो, आणि प्रमेय ‘जवळजवळ’ खरे आहे असा समज करून घेतो. केंद्रीय कोन नेहमी सम पूर्णांक ठेवला की निम्मा कोनही पूर्णांकच येतो आणि ही अडचण उरत नाही.

## ५. ओढून बघा

फाइल सेव्ह करा आणि मग आकृती मोडायचा मनापासून प्रयत्न करा. प्रत्येक बिंदू पडद्याच्या चारही कोपऱ्यांकडे ओढा.

- पी वर्तुळ सोडून बाहेर आला का? आला असेल तर तो वर्तुळावर बसलेला नव्हता, शेजारी पडला होता. रंगावरूनही कळते: मोकळा बिंदू गडद निळा, वर्तुळावर बांधलेला फिकट निळा, दुसऱ्यांवर अवलंबून असलेला काळा.
- पी बरोबर ए किंवा बी वर नेला तर कोन नाहीसा होतो. हा दोष नाही, तिथे कोनच नसतो. कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा.
- स्लायडर १८०° वर न्या. एबी व्यास होतो, आणि पी कुठेही असला तरी ९०° दिसायला हवेत. नसतील तर टप्पा ४ मधली ५, ७ आणि ८ ही पावले पुन्हा बघा.

सावधान: सेव्ह केलेल्या फाइलची दुसरी प्रत करून तीच वर्गात वापरा. तासाला एखादा बिंदू चुकून पुसला गेला तर कंट्रोल झेड आहे, पण घाईत ‘सेव्ह’ दाबले जाते आणि दुसऱ्या तुकडीला मोडलेली आकृती मिळते.

## ६. रिकाम्या वर्गात एकदा जोडून बघा

शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे पुरतात. विंडोज बटण आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, म्हणजे तुमच्यासमोर आणि पडद्यावर एकच चित्र येईल.

मग मोजपट्टी घ्या आणि पडद्यावरच्या वर्तुळाचा आडवा आणि उभा व्यास खरोखर मोजा. हे मी आग्रहाने सांगते, कारण एकदा मी मोजले नव्हते. प्रोजेक्टर चित्र आडवे ताणत होता. मी ‘केंद्रापासून सारख्या अंतरावर’ असे म्हणत होते आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे वर्तुळ नाही, अंडं आहे." तिचे बरोबर होते. केंद्रीय कोन १००° लिहिलेला, पण डोळ्यांना वेगळाच दिसत होता. पुढचा सगळा तास मुलांनी आकड्यांवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, या गोंधळात गेला.

व्यास वेगळे आले तर तीन ठिकाणी बघा. जिओजेब्राच्या ग्राफिक्स गुणधर्मांत दोन अक्षांचे प्रमाण १ : १ आहे का, लॅपटॉपचे रिझोल्यूशन प्रोजेक्टरला जुळते का, आणि प्रोजेक्टर तिरका ठेवलेला आहे का.

शेवटी मागच्या बाकावर बसा. कोनाचे आकडे वाचता येतात का? फिकट हिरवा आणि पिवळा उजेडात दिसत नाहीत. लाल, निळा, गडद हिरवा दिसतात. खिडकीला पडदा नसेल तर उजेड थेट पडतो ती बाजू सोडून दुसऱ्या भिंतीवर चित्र टाका.

## ७. तासिका: आधी वही, मग पडदा

३५ मिनिटांची तासिका धरते. पडदा पहिली दहा मिनिटे बंद असतो.

पहिली दहा मिनिटे. प्रत्येकाने कर्कटकाने वर्तुळ काढायचे, कोनमापकाने १००° चा केंद्रीय कोन करायचा, मोठ्या कंसावर स्वतःच्या मनाने पी घ्यायचा आणि कोन मोजायचा. ४८, ५१, ५०, ५३ अशी मापे येतील. ती फळ्यावर लिहा, सुधारू नका. मग विचारा: पी वर्तुळावरून फिरवत ए च्या अगदी जवळ नेला तर कोन वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? उत्तर वहीत लिहून घ्या. तोंडी विचारले तर दोन मुले बोलतात आणि बाकीची त्यांच्यामागे जातात. ‘वाढेल’ आणि ‘कमी होईल’ दोन्ही येतील, आणि ते यायलाच हवे. स्वतःचा अंदाज चुकलेला बघितल्याशिवाय ‘तेवढाच राहतो’ याचे आश्चर्य वाटत नाही.

पुढची दहा मिनिटे. आता पडदा लावा आणि माऊस एका मुलाच्या हातात द्या. पी हळू फिरवायचा, वर्गाने आकडा मोठ्याने वाचायचा. ५०, ५०, ५०. मोठ्या कंसावरच थांबा. स्लायडर बदला: ८०°, १४०°, १८०°. प्रत्येक वेळी अंदाज आधी, ओढणे नंतर.

मग स्लायडर परत १००° वर आणा आणि पी लाल कंसावर जाऊ द्या. ५० चा १३० होतो. इथे घाईने स्पष्टीकरण देऊ नका, निदान एक मिनिट थांबा. "निम्मा कुठे राहिला?" हा प्रश्न वर्गातूनच यायला हवा. आला की विचारा, "आता कोनाच्या तोंडात कोणता कंस आहे, लाल की हिरवा?" हिरवा. मग लपवलेला दुसरा केंद्रीय कोन दाखवा: २६०°. त्याचा निम्मा १३०°. ‘अंतर्खंडित कंस’ हा पुस्तकातला शब्द मुलांना खऱ्या अर्थाने कळतो तो या क्षणी. परीक्षेत कोन निम्मा करताना चुकीचा कंस धरणारी मुले बहुधा या ठिकाणी कच्ची राहिलेली असतात.

सावधान: ‘बघा, सिद्ध झाले’ असे म्हणू नका. शंभर जागी ५०° दिसले म्हणजे ते सिद्ध झाले नाही. मुलांना हे सांगा आणि विचारा: एकशे एकाव्या जागी का बदलणार नाही?

उरलेली पंधरा मिनिटे. प्रोजेक्टर बंद करून फळ्याकडे या. पीओ जोडून पुढे वाढवायचा, दोन समद्विभुज त्रिकोण, बाह्यकोनाचा गुणधर्म, सिद्धता नेहमीचीच. फरक एवढाच की मुलांनी आता ओ केंद्र कोनाच्या आत, भुजेवर आणि बाहेर असे तिन्ही प्रकार पी फिरताना पाहिलेले असतात. म्हणून ‘आकृती पुस्तकासारखी नसेल तर सिद्धता लागू होते का?’ ही शंका बोलून दाखवली जाते आणि तिचे उत्तर देता येते. सिद्धता फळ्यावर, खडूने, विधान आणि कारण असे दोन स्तंभ करूनच लिहा. पेपरात त्यांना पेनाने तेच लिहायचे आहे.

भौमितिक रचनांच्या प्रकरणात ही खबरदारी दुप्पट घ्या. जिओजेब्रात स्पर्शिका एका क्लिकवर येते आणि मुलांचा हात कर्कटकावर बसत नाही. तिथे ‘नॅव्हिगेशन बार’ चालू करून रचनेची एकेक पायरी पुढे न्या, आणि मुलांनी तीच पायरी वहीत पूर्ण केल्याशिवाय पुढची दाखवू नका.

## ८. वीज गेली, प्रोजेक्टर मिळाला नाही तर

आदल्या दिवशी त्याच आकृतीच्या चार अवस्था कागदावर छापून ठेवा: पी मोठ्या कंसावर मध्यभागी, पी ए जवळ, एबी व्यास, पी लहान कंसावर. प्रत्येक गटाला एक संच आणि कोनमापक द्या. पी फिरताना दिसत नाही, पण अंदाज, मोजमाप आणि १३०° चा प्रश्न हे तिन्ही होतात.

नुसता लॅपटॉप चालत असेल तर तो टेबलावर मुलांकडे तोंड करून ठेवा, सहा-सात जणांचा गट आळीपाळीने बोलवा आणि बाकीच्यांना वहीतले काम द्या. यात दोन तासिका जातात हे आधीच धरून चला.

गृहपाठ फोनवर अवलंबून ठेवू नका. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो वडील रात्री कामावरून आल्यावर मुलांच्या हाती येतो. काही घरांत तेवढाही नसतो. आकृती व्हॉट्सॅपवर पाठवायची असेल तर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आकडे पुसट होतात. पण गृहपाठाचा प्रश्न वहीवरच सुटेल असा ठेवा.

## ९. तास संपल्यावर

त्याच दिवशी पाच ओळी लिहून ठेवा: कुठे वेळ जास्त गेला, मुलांनी कोणता अंदाज सर्वांत जास्त केला, कोणता रंग दिसला नाही. फाइलच्या नावात इयत्ता, प्रकरण आणि तारीख घाला. ‘न्यू १’, ‘फायनल २’ अशा नावांच्या फाइली पुढच्या वर्षी कोणालाच सापडत नाहीत. पेन ड्राइव्ह संगणक कक्षात लावला असेल तर घरी उघडण्याआधी व्हायरससाठी तपासा.

ही फाइल टाकून देऊ नका, पुढच्या तासिकांना तीच पुरते. स्लायडर १८०° वर नेला की अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे प्रमेय. हिरव्या कंसावर पी आणि लाल कंसावर आणखी एक बिंदू क्यू घेऊन त्याचाही कोन मोजला की चक्रीय चौकोन: ५० आणि १३०, बेरीज १८०. क्यू जोडताना टप्पा ४ मधले आठवे पाऊल त्याच्या कोनालाही लावा आणि वर्गात नेण्याआधी ओढून बघा.